टायरांची जन्मतारीख

काका आधी गाडीच्या चाकांकडे बघायचे आणि नंतर माणसाच्या तोंडाकडे. गाडी थांबली की खाली उकिडवे बसणार, टायरवरची धूळ तळहाताने पुसणार आणि मान तिरकी करून बाजूवरचे चार आकडे वाचणार. ते वाचून झाल्यावर मग, "काय गो बाय, बरा मा?"

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "माणसाचा वय इचारू नये, टायराचा इचारल्याबिगर सोडू नये."

इथे आखातात, अरादमधल्या एका टायरच्या दुकानात ते कामाला होते. विजयदुर्गजवळच्या गावातून आलेले, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून आम्हीही. माझं माहेर सातारा, सासर कराड, त्यामुळे त्यांची मालवणी मला पहिल्या दिवशी निम्मीच कळली. पण उरलेलं निम्मं त्यांच्या हातवाऱ्यांतून समजायचं.

आमची ओळख झाली ती गाडीमुळे. परत गावी निघालेल्या एका केरळी कुटुंबाकडून आम्ही त्यांची जुनी सात सीटची गाडी घेतली. गाडी पंधरा वर्षांची, पण इंजिन ठणठणीत. टायर मात्र पार गुळगुळीत झालेले. ऑक्टोबर संपत आला होता. मी बुसैतीनच्या घरून रोज समुद्रावरचा पूल ओलांडून मनामा शहरात लॅबमध्ये कामाला जाते आणि वाटेत मुलीला शाळेत सोडते. हिवाळ्याआधी टायर बदलायचे, पण स्वस्तात, एवढं ठरवून मी यजमानांना आणि मुलीला घेऊन गेले होते.

दुकानाच्या दारात वापरलेल्या टायरांची चळत होती. काळेभोर, चकचकीत, खाचा खोल. मी त्यावर बोट ठेवलं. "काका, हे चालतील की."

काकांनी एक टायर फिरवला आणि त्या चार आकड्यांवर नख ठेवलं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचा होता.

"तोंडाक पावडर लावन बसलो हा म्हातारो," काका म्हणाले. त्यांनी टायर थोडा दाबून वाकवला, तशा खाचांच्या तळाशी बारीक भेगा उघडल्या. इथल्या उन्हात रबर न वापरताच म्हातारं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"पण काका, इथं बर्फ थोडाच पडतो? पाऊसही हिवाळ्यात चार-सहा दिवस."

"तेच तर वायट! आपल्या गावात पाऊस चार म्हयने रस्तो धुता. हयसर आठ म्हयने तेल नि धुरळो बसता रस्त्यार. मगे एक सर येता नि सगळ्याचो साबण होता."

माझे यजमान तेवढ्यात दुकानात आत जाऊन एका भल्यामोठ्या टायरसमोर उभे राहिले होते. हाताच्या मुठीएवढे उंचवटे असलेला, डोंगरदऱ्यांत जायचा टायर. हिवाळा म्हटलं की इथे निम्मा गाव साखीरच्या वाळवंटात तंबू ठोकायला जातो. आमच्या घरातही तसली स्वप्नं पडायला लागली होती. मला 'बाय' म्हटल्यामुळे यजमान आपोआप जावई झाले होते.

"जावयबापू, वाळूत कितीदा जातास?"

"जाऊ ना... दोनदा. फार तर तीनदा."

"आनि हापिसात?"

"रोज."

"मगे हापिसाचे टायर घेवा. वाळूत उतरताना हवा कमी करूची, भायर इल्यार परत भरूची. खलास."

यजमानांनी त्या टायरवरून शेवटचा हात फिरवला. मुलगी फिदीफिदी हसली.

काकांनी मग साध्या, नाव न ऐकलेल्या कंपनीचा एक टायर दाखवला. उष्णता किती सोसतो त्याचं अक्षर बाजूवर कुठे असतं तेही दाखवलं. "'ए' अक्षर आसा काय बघ. नाव मोठा नको, अक्षर मोठा होया." आमच्या मापाचे मात्र दोनच होते. बाकीचे आठवड्याने येणार होते. तोवर दुसरे काहीतरी बसवून द्या म्हटलं तर ते ऐकेनात. त्या आठवड्यात मी जेवढं आभाळाकडे बघितलं तेवढं साताऱ्यात असतानाही कधी बघितलं नव्हतं. पाऊस आला नाही. टायर आले.

काका माणसं चेहऱ्याने ओळखत नाहीत, हा शोध मला दिवाळीच्या कार्यक्रमात लागला. मनामातल्या हॉलमध्ये आपली सगळी मंडळी जमली होती. मी पैठणी नेसून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, "काका, ओळखलंत का?" ते हसले, मान हलवली, पण नजर कोरीच. मी विचारत राहिले, ते हसत राहिले. शेवटी मी म्हटलं, "बुसैतीनची. पांढरी, सात सीटची."

"अरे! ती! पुढचो डावो टायर भायरसून घासता ती!" त्यांनी आनंदाने दोन्ही हात जोडले. "बायको आसस काय तू तेंची?" म्हणजे आधी गाडी, मग यजमान आणि मग मी, असा त्यांचा हिशोब होता. तेव्हापासून आमच्या घरात माझं नाव 'पुढचो डावो' पडलं.

डिसेंबरात एका सकाळी, पुलावर असताना पाऊस सुरू झाला. आधी काचेवर मोठाले थेंब, मग एकदम पडदाच. माझ्यापुढची छोटी लाल गाडी ब्रेक लागताच सरळ न थांबता हळूच तिरकी झाली, मग आडवी, मग पूर्ण उलटी फिरून आमच्याकडे तोंड करून उभी. तिच्यातली बाई आणि मी, दोघी एकमेकींकडे बघत होतो. मी ब्रेक दाबला. गाडी थोडी थरथरली आणि थांबली. दोन्ही गाड्यांच्या मध्ये एखादं माणूस जाईल एवढी जागा राहिली होती.

मागून मुलीचा आवाज आला, "आई, वी स्टॉप्ड!"

त्या बाईने काच खाली करून हात वर केला. मीही केला. मग दोघी रडायच्या ऐवजी हसलो.

संध्याकाळी मी जिलेबीचा पुडा घेऊन अरादला गेले. दुकानासमोर गाड्यांची रांग लागली होती. पाऊस पडून गेल्यावर सगळ्यांनाच टायर आठवले होते. काका घामाने भिजलेले. मी सकाळचं सगळं सांगितलं. ते चाकाशी बसून हवा बघत ऐकत होते. मग उठून माझ्या मुलीकडे जरा वेळ बघत राहिले. चाकांकडे नव्हे, तिच्याकडे.

नंतर चहा घेताना ते स्वतःहून बोलले. पूर्वी ते एका कंपनीची व्हॅन चालवायचे, कामगारांना साइटवर ने-आण करायची. मागचे टायर गेलेत म्हणून ते सांगत राहिले आणि पुढच्या महिन्यात बघू म्हणून साहेब सांगत राहिला. असाच हिवाळ्यातला पाऊस आला. व्हॅन कठड्यावर आपटून आडवी झाली. माणसं वाचली. पण एकाच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"सुतार होतो तो," काका म्हणाले. "सुताराची बोटा, बाय." त्यांनी कप खाली ठेवला. "स्टेरिंग माझ्या हातात होता. तेवापासून गाडी चालवची सोडलंय नि ह्या काम शिकलंय."

मी पुडा त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी जिलेबीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि पुढच्या गाडीकडे गेले.

पुढच्या वर्षी, थंडीच्या तोंडावर, दुकानाचा मालक कुठूनतरी जुन्या मालाचा ढीग स्वस्तात घेऊन आला. मालकाला काका अरबाब म्हणायचे. तसा भला माणूस, पण स्वस्त दिसलं की त्याला राहवायचं नाही. टायर न वापरलेले, पण सात-आठ वर्षं कुठल्यातरी गोदामात तापलेले. विकायचं काम काकांचं. काका नाही म्हणाले नाहीत. त्यांनी खडू घेतला आणि प्रत्येक टायरवर वीतभर मोठ्या आकड्यांत त्याचं जन्मवर्ष लिहून ठेवलं.

मी हवा भरायला गेले तेव्हा नेमका अरबाब आला. गिऱ्हाइकं आकडे वाचून हसत परत जात होती.

"ये क्या लिखा? दुकान तेरा या मेरा?" त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला.

"दुकान आपका, अरबाब."

"तो?"

"गाडी में जो बैठेगा, वो किसका?"

काकांचा व्हिसा अरबाबच्या हातात होता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. अरबाब खुर्ची ओढून बसला. त्याने एकेक आकडा वाचून काढला. मग म्हणाला, "तेरा लिखाई बहुत खराब है," आणि चहा मागवला.

तो सगळा ढीग नंतर मुहर्रकच्या धक्क्यावर गेला. अरबाबच्या भावाच्या मासेमारीच्या नावा होत्या. धक्क्याला घासू नयेत म्हणून नावांच्या कुशीला टायर बांधतात. "होडयेक चलता," काका खूश होऊन सांगायचे, "ती काय ब्रेक मारता?"

गेल्या मार्चमध्ये काका कायमचे गावी गेले. मुलाने घर बांधलं होतं, सून बोलावत होती. अरबाबने त्यांना घड्याळ दिलं आणि गळामिठी मारताना स्वतःच रडला. विमानतळावर सोडायचं आम्ही मागून घेतलं. खोलीवरून निघालो तर हाताशी दोन तास होते.

"काका, कुठं जायचंय का? काही राहिलंय?"

त्यांनी जरा लाजत समोर बोट दाखवलं. अरादचा किल्ला. वीस वर्षं दुकानातून येता-जाता लांबून बघितलेला, आत कधी गेलेच नव्हते. शुक्रवारच्या एका सुट्टीत कपडे धुवायचे असायचे.

गेलो. काकांच्या अंगात नवीन चौकड्यांचा शर्ट, पायांत कोरे बूट. पायऱ्यांवर त्यांनी मुलीचा हात धरला, की तिने त्यांचा, ते कळलं नाही. बुरुजावर वारा भन्नाट होता. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे उतरणारी विमानं. काकांनी सगळीकडे नीट बघून घेतलं.

"आमचो विजयदुर्ग हेच्यापेक्षा केवढो मोठो!" त्यांनी निकाल दिला. मग जरा थांबून म्हणाले, "पण ह्यो पण बरो आसा."

मुलीने फोटो काढला. कमरेवर हात ठेवून, किल्ला त्यांच्याच नावावर असल्यासारखे उभे. फोटोत काकांचे डोळे मिटलेले आले. मुलगी म्हणाली, "काका, वन मोअर?"

"ऱ्हवांदे गो," ते पायऱ्या उतरायला लागले सुद्धा, "विमान चुकात."