खोलीच्या तापमानाला

"दाजी, हा काढा आहे का?"

माझ्या मेव्हण्याने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. तो सिन्नरला एका कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. मे महिन्यातला रविवार होता आणि तो आमच्याकडे दुपारी जेवायला आला होता. मी एका वायनरीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. आमच्याच वायनरीची रेड वाइनची बाटली त्याच्यासाठी उघडली होती.

मीही एक घोट घेतला. वाइन चांगली होती, हे मला माहीत होतं. त्या टँकच्या सगळ्या रिपोर्टवर माझी सही आहे. तरीही ग्लासातून नुसता अल्कोहोलचा भपका येत होता आणि घसा जळत होता. मेव्हण्याचं काही चुकलं नव्हतं.

"वैशाली, बाटली कुठे ठेवली होती?" मी बायकोला विचारलं.

"ओट्यावर. सकाळपासून. पुस्तकात लिहिलंय तसंच केलं. रेड वाइन नेहमी खोलीच्या तापमानाला द्यावी. पान सत्तेचाळीस." तिने पोळी वाढता वाढता पुढे विचारलं, "त्या पुस्तकात पहिल्या पानावर तुमचंच नाव आहे ना? तांत्रिक तपासणी म्हणून?"

होतं.

हॉलमध्ये भिंतीवर तापमापक आहे. त्यावर चौतीस अंश होते. ओट्याशेजारी गॅस चालू होता, तिथे किती असेल ते मी मोजलं नाही.

हे पुस्तक आहेर बाईंचं. बाई पिंपळगावकडच्या. हायस्कूलमध्ये मराठी शिकवून रिटायर झाल्या. त्यांच्या सासरच्या मळ्यातली द्राक्षं अठरा वर्षं आमच्या वायनरीला येतात. बाईंनी सहा महिने आमच्याकडे येऊन सगळं पाहिलं. क्रशिंग, टँक, बॅरल आणि शनिवार-रविवारचं टेस्टिंग काउंटर. तिथे येणारी मराठी माणसं मागे उभी राहतात आणि माहिती इंग्रजीतून सुरू झाली की मान हलवतात, हे त्यांनी पाहिलं. मग घरी बसून वाइन म्हणजे काय आणि ती कशी चाखायची यावर एकशे बारा पानांचं पुस्तक लिहिलं.

"आमच्या घरात अठरा वर्षं वाइनची द्राक्षं पिकतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "घरातल्या एकाही बाईने ती वाइन चाखलेली नाही. पुरुषांनी चाखली, ती गाडीच्या बॉनेटवर बाटली ठेवून. त्याला चाखणं म्हणत नाहीत."

पुस्तक छापायला वायनरी तयार झाली आणि मजकूर माझ्याकडे तपासायला आला. मी तो तीन वेळा वाचला. त्यात एकशे त्रेचाळीस आकडे होते. प्रत्येक आकड्याखाली मी पेन्सिलने रेघ मारली आणि वहीतल्या किंवा लॅबमधल्या नोंदीशी ताडून पाहिला. अकरा चुका निघाल्या. उदाहरणार्थ, ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. बाईंनी लिहिलं होतं की चोवीस ब्रिक्सच्या रसातून चोवीस टक्के अल्कोहोल तयार होतं. तसं होत नाही. साखरेपैकी साधारण निम्म्याचंच अल्कोहोल होतं, बाकीचा वायू होऊन उडून जातो. मी तिथे दुरुस्ती केली. अकराच्या अकरा चुका सुधारल्या आणि शेवटच्या पानावर सही करून मजकूर परत दिला.

'खोलीच्या तापमानाला' या वाक्यात आकडा नव्हता. त्यामुळे त्याच्याखाली रेघही नव्हती.

वाक्य बाईंनी मनाने लिहिलेलं नव्हतं. परदेशी पुस्तकांत ते असतंच. ज्यांनी पहिल्यांदा लिहिलं, त्यांच्या दगडी घरांतल्या खोल्या सोळा ते अठरा अंशांच्या असायच्या. वाक्य इकडे आलं. खोली तिकडेच राहिली.

सोमवारी सकाळी मी देवरे सरांच्या केबिनमध्ये गेलो. ते आमचे प्रॉडक्शन हेड. पुढच्याच रविवारी वायनरीत पुस्तकाचं प्रकाशन होतं. मी पान सत्तेचाळीस उघडून समोर ठेवलं.

"भामरे, सगळ्या पुस्तकांत हेच असतं," सर म्हणाले.

"सर, त्या पुस्तकांतली खोली नाशिकमध्ये नाही."

त्यांनी एसीकडे पाहिलं. "लोक एसीत बसून पितात."

"एसी चोवीसवर असतो. म्हणजे एसीतही ती अठरावर येत नाही. आणि बाईंनी हे पुस्तक एसीवाल्यांसाठी लिहिलेलं नाही."

सरांनी सातपूरच्या छापखान्याला फोन लावून स्पीकर चालू केला. छापखान्याच्या मालकांनी शांतपणे सांगितलं, "सगळे फॉर्मे छापून, दुमडून झालेत. बायंडिंग बुधवारी संध्याकाळी घेणार." फॉर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. सत्तेचाळिसावं पान तिसऱ्या फॉर्म्यात होतं. "एवढा एक फॉर्मा पुन्हा छापून देतो. बुधवारी दुपारी बारापर्यंत मजकूर द्या. पण मजकूर त्याच पानात बसला पाहिजे. एक ओळ जरी पुढे सरकली तरी चौथा फॉर्मा बदलावा लागेल आणि त्याला मशीन मोकळं नाही."

त्या पानावर खाली द्राक्षाच्या घडाचं चित्र होतं. ते काढलं तर सहा ओळींची जागा होत होती.

"मग लिहा की," सर म्हणाले. "वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी. नवीन पुस्तकांत तसं देतात."

"ते मोजलं कोणी, सर?"

"भामरे, तुम्ही पुस्तक दुरुस्त करताय की बॅच रिलीज करताय?"

"दोन्हींवर सही माझीच आहे."

सरांनी हात जोडले, म्हणजे मी आता जावं.

बाई टेस्टिंग रूममध्ये प्रकाशनाच्या खुर्च्या मोजत होत्या. मी त्यांना काय झालं ते सांगितलं. काढ्याचंही सांगितलं. त्यांनी पान वाचलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही तपासलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

"आकडे तपासले होते."

"मी एकतीस वर्षं वह्या तपासल्या, भामरे. चुकीच्या उत्तराखाली सही केली तर पोरगं ते आयुष्यभर बरोबर समजतं." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "तुम्हाला कळतंय ना काय होईल? आमच्याकडच्या बाया ही बाटली एकदाच उघडतील. पहिला घोट असा गरम गेला की म्हणतील, हे असलं असतं होय. झालं. पुन्हा कोणी हात लावणार नाही, आणि पुस्तकालाही नाही."

"बुधवारपर्यंत बदलता येईल."

"आणि वाटलेल्या प्रती?"

छापखान्याने नमुन्याच्या दहा प्रती आधी बांधून दिल्या होत्या. एक माझ्या घरी होती, आठ सरांच्या कपाटात. दहावी बाईंनी शनिवारी त्यांच्या मोठ्या जाऊबाईंना दिली होती, सोबत आमच्या रेडची एक बाटली.

"फोन करून सांगा," मी म्हणालो.

"काय सांगू? माझ्या पुस्तकात लिहिलंय ते करू नका? तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या हातून काही वाचायला घेतलंय." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "नीट काय लिहायचं ते आधी ठरवू. मग बोलेन."

लॅबमध्ये प्रत्येक बॅचच्या काही बाटल्या राखून ठेवतो, पुढे तक्रार आली तर तपासायला. त्यातल्या राखून ठेवायची मुदत संपलेल्या दोन रेडच्या बाटल्या मी सरांना सांगून घरी नेल्या. त्याच संध्याकाळी सहा वाजता एक बाटली फ्रीजमध्ये ठेवली, आतली वाइन चौतीस अंशांवर असताना. त्याआधी फ्रीजमधल्या भाज्या काढून ओट्यावर ठेवल्या होत्या, बाटलीभोवती हवा खेळावी म्हणून. दर दहा मिनिटांनी दार उघडून तापमान घ्यायचं ठरवलं होतं.

दुसऱ्यांदा दार उघडलं तेव्हा वैशाली दारात उभी होती.

"दर दहा मिनिटांनी उघडलात तर फ्रीजच गार होणार नाही, वाइन कुठली होतेय? आणि माझी कोथिंबीर बाहेर का?"

"जागा पाहिजे होती."

"कोणाच्या घरात रिकामा फ्रीज असतो? लोकांच्या फ्रीजचं मोजताय ना? मग भरलेल्याचं मोजा."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तो प्रयोग मी रद्द केला. भाज्या, दह्याचं पातेलं, कणकेचा डबा, सगळं जागच्या जागी ठेवलं आणि दुसरी बाटली खालच्या कप्प्यात उभी केली. लॅबमधला तापमान मोजायचा वायरवाला प्रोब बाटलीच्या तोंडातून आत सोडला आणि वायर दाराच्या रबरातून बाहेर काढली. वैशालीने स्वयंपाकासाठी फ्रीज तीन वेळा उघडला. तेही मी लिहून ठेवलं.

वीस मिनिटांनी वाइन साडेतीस अंशांवर आली होती. म्हणजे वीस मिनिटांचा सल्लाही तिकडचाच, हीटर लावलेल्या आजच्या घरांतला. तिथे बावीसवरून अठरावर यायचं असतं. इथे चौतीसवरून. एका तासाने चोवीसच्या थोडं वर. अठरा अंशांवर यायला बरोबर दोन तास लागले.

मग रद्द झालेल्या प्रयोगातली बाटली बर्फ आणि पाणी भरलेल्या पातेल्यात उभी केली. ती तोवर ओट्यावर राहून पुन्हा तापली होती. तिला अकरा मिनिटं लागली. नुसत्या बर्फात जास्त वेळ लागतो, कारण बर्फाचे खडे बाटलीला सगळीकडून चिकटत नाहीत, पाणी चिकटतं.

"आता गार झालीय तर देऊ का थोडी?" मी विचारलं.

"मी नाही घेत, माहितीय तुम्हाला," वैशाली म्हणाली. तिने ग्लास नाकाशी नेला. "कालच्यासारखा भपका नाही येत मात्र. जांभळासारखा वास येतो."

हे मी वहीत लिहिलं नाही, पण बाईंना सांगितलं.

मंगळवारी मी बाईंपुढे सहा ओळी ठेवल्या. त्यात चार आकडे होते. बाईंनी दोन तास आणि अकरा मिनिटं ठेवलं आणि 'सोळा ते अठरा अंश सेल्सिअस' यावर बोट ठेवलं.

"हे घरात कोण मोजणार? थर्मामीटर कोणाकडे असतो?"

"तापाचा असतो."

"तो पस्तिसाच्या खाली उतरतो का?"

नाही उतरत. मी लॅबमध्ये एकवीस वर्षं काढली, पण हे मला सुचलं नव्हतं.

बाईंनी पेन घेतलं आणि अंशांच्या पुढे एक वाक्य जोडलं: 'बाटलीला हात लावून पाहावा, ती माठातल्या पाण्यापेक्षा थोडी जास्त गार लागली पाहिजे.' मला ते पटलं नाही. माठाचं तापमान हवेवर अवलंबून असतं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या माठातलं पाणी मोजलं. साडेबावीस भरलं. सरांच्या घरचं मोजून मागवलं, ते तेवीस. अठरा म्हणजे त्याहून थोडं गारच. मी वाक्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि सही केली. पावणेबाराला मजकूर सातपूरला पोचला. सहा ओळींत बसला. घडाचं चित्र गेलं, त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

बाईंनी जाऊबाईंना तीनदा फोन केला. तिन्ही वेळा उचलला नाही. द्राक्षबागेत छाटणीनंतरची विरळणी चालू होती आणि फोन घरात.

रविवारी प्रकाशनाला जाऊबाई आल्या. सत्तरीच्या, नऊवारीतल्या. हातात ती दहावी प्रत होती, पानं दुमडलेली. बाई उठून पुढे गेल्या, मीही मागोमाग गेलो.

"मोठ्या बाई, बाटली उघडली का?" बाईंनी विचारलं.

"उघडली की. बुधवारीच."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"त्यात चुकून तसं लिहिलं गेलं होतं," मी म्हणालो. "खोलीच्या तापमानाला."

"वाचलं मी ते. खोलीत ठेवा म्हणे." त्यांनी पदर सारखा केला. "मे महिन्यात? खोलीत आम्ही बसत नाय, बाटली कशाला बसवू? दोरी बांधली अन् विहिरीत सोडली दोन तास. शिकलेल्या बायांचं काय सगळंच ऐकायचं असतं का?"

"आणि कशी लागली?" बाईंनी विचारलं.

"आंबट हाय. पन्ह्यात गूळ विसरल्यासारखी. पण मागून बरी लागते." मग म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली. यात आमच्या वरच्या बागेची द्राक्षं किती अन् खालच्या किती, ते मात्र तू लिहिलं नाय."

बाई हसल्या आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. मी मध्येच विचारलं, "विहिरीचं पाणी किती गार होतं?"

"मोजलं नाय," त्या म्हणाल्या. "गार होतं."

पुस्तक टेस्टिंग काउंटरवर आहे आणि विकलं जातं. सरांच्या कपाटातल्या आठ प्रती मी पान सत्तेचाळीसवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवून सोडल्या, घरच्या प्रतीवर पेन्सिलने लिहिलं. जाऊबाईंच्या प्रतीला हात लावला नाही, तिथे गरज नव्हती.

आता तपासायला काही आलं की मी आधी आकड्यांखाली रेघा मारतो, नंतर लाल पेनने आकडा नसलेल्या वाक्यांखाली. 'थोडं', 'नेहमीसारखं', 'खोलीच्या' असे शब्द दिसले की तिथे कोणाची खोली, ते विचारतो. काम दुपटीने वाढलं आहे.