चक्कर न येणाऱ्या बायका

लग्नानंतर मस्कतला आले तेव्हा एम.ए. इंग्रजीचं सर्टिफिकेट बरोबर आणलं होतं. वादी कबीर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ते कपाटाच्या वरच्या खणात गेलं आणि बरीच वर्षं तिथेच राहिलं. नवरा साइटवर, मुलगी शाळेत, आणि मी अकराच्या आत स्वयंपाक उरकून मोकळी.

खालच्या मजल्यावर रत्नागिरीची एक शेजारीण अबाया शिवून द्यायची. ती एकदा म्हणाली, "एवढी शिकलेली तू, नि घरात बसून काय करतेस गो? माझ्या एका गिऱ्हाइकाला इंग्रजी पुस्तक समजावणारं कोणीतरी हवंय."

गिऱ्हाईक म्हणजे पस्तिशीची एक ओमानी बाई. तीन मुलं झाल्यावर ती पुन्हा कॉलेजात जायला लागली होती. पहिल्या सोमवारी बौशरहून स्वतः मोठी गाडी चालवत आली. एका हातात काहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा थर्मास, दुसऱ्यात खजुराचा डबा आणि काखेत विटेएवढी जाड कादंबरी. राणी व्हिक्टोरियाच्या काळातली. ती अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत बोलायची. मला 'उस्ताझा' म्हणजे शिकवणाऱ्या बाई म्हणायची, पण वागणं अगदी मैत्रिणीचं.

मी कॉलेजातल्या जुन्या आठवणींवर सुरुवात केली. त्या काळच्या कादंबरीतली बाई एक तर घरातली देवी, नाही तर वाट चुकलेली. वाट चुकलेलीला शेवटच्या प्रकरणात मरावंच लागतं, वगैरे. ती निमूट लिहून घेत होती. चौथ्या प्रकरणात नायिका पत्र वाचून सोफ्यावर कोसळली, तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं.

"हिला झालंय काय?"

"धक्का बसलाय."

"मागच्या प्रकरणातही बसला होता. डॉक्टरला का दाखवत नाहीत?"

मला हसू आवरेना. एम.ए.च्या दोन वर्षांत हा प्रश्न आमच्या वर्गात कोणी विचारला नव्हता.

पुढे नायिकेचं लग्न झालं आणि वडिलांनी ठेवलेली इस्टेट नवऱ्याच्या नावावर गेली. त्या वेळचा तिकडचा कायदाच तसा होता, असं मी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"वडिलांनी तिला दिलेलं, ते याचं कसं?" तिनं मनगटातल्या सोन्याच्या बांगड्या वाजवल्या. "लग्नात मिळालेला माझा मेहेर माझा. माझ्या नवऱ्यानं हात लावून तर दाखवावा! आणि आमच्या मॅडम वर्गात म्हणतात की या बायका आपल्याहून पुढे होत्या."

तिच्याबरोबर वाचायला मजा यायला लागली. मीही सोमवारची वाट बघू लागले. एकदा निघताना तिनं सहज विचारलं, "बाजारात कशी जातेस?"

"शुक्रवारी नवरा नेतो."

"आणि मंगळवारी कांदे संपले तर?"

"शुक्रवारपर्यंत थांबते."

"म्हणजे घोडागाडी आल्याशिवाय तूही घराबाहेर पडत नाहीस!" असं म्हणून ती खदखदून हसली.

मी हसले नाही. दार लावून घेतलं आणि दोन दिवस धुमसत होते. मी काय सोफ्यावर पडून असते? घर कोण सांभाळतं? मुलीचा अभ्यास कोण घेतं? पण बुधवारी खरंच कोथिंबीर संपली, आणि संध्याकाळी नवऱ्याला दारातच सांगितलं, "मी गाडी शिकणार."

"टॅक्सी आहे की," तो म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "बरं. शीक."

ओमानात लायसन्स काढायचं म्हणजे आधी ड्रम टेस्ट. उभ्या केलेल्या पिंपांच्या मधून गाडी मागे घ्यायची. पहिल्या वेळी मी पिंप आडवं केलं. दुसऱ्या वेळी जमलं. रोड टेस्टला दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा राउंडअबाउटवर. तिसऱ्या खेपेला सकाळीच तिचा फोन आला, "उस्ताझा, काहीही कर, पण चक्कर येऊन पडू नकोस!"

शेजारी बसलेले पोलीस अधिकारी वाटभर बोटानंच वळणं दाखवत होते. शेवटी गाडी कडेला घ्यायला लावली आणि म्हणाले, "खलास."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "सर, यावेळी काय चुकलं?"

"काही नाही चुकलं. टेस्ट खलास. पास!"

तोवर तिच्या निबंधाची वेळ आली होती. विषय त्या कादंबरीतल्या बायकांचाच. आम्ही पुस्तक पुन्हा चाळायला बसलो आणि एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. "नायिका सात वेळा पडते. स्वयंपाकीण एकदाही नाही. कपडे धुणारी पण नाही."

"त्या पडल्या तर भांडी कोण घासणार?" मी म्हटलं.

"तेच लिहिते," ती म्हणाली. आणि खरंच तिनं तेच लिहिलं: लेखकानं दोन-दोन ओळींत उरकलेल्या बायकांवर आठ पानं. कोसळणाऱ्या बाईला झेलणारा सोफा फक्त पैसेवाल्यांच्या घरातच होता, असा तिचा मुद्दा होता. इंग्रजी मी सुधारलं. विचार सगळा तिचा. तिच्या मॅडमनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला आणि बाकीच्या मुलींना तिच्या वह्या बघायला सांगितलं. मुली तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान.

निकाल लागल्यावर ती मला सूरला, तिच्या माहेरी घेऊन गेली. तिच्या आईनं मासळी-भाताचं मोठं ताट पुढ्यात ठेवलं आणि लेकीनं वर्षभर काय वाचलं ते ऐकायचा हट्ट धरला. लेक अरबीतून कादंबरीची गोष्ट सांगत होती आणि आई हुंकार देत होती. आईचे यजमान, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीचे वडील, तारवावर महिनोन् महिने समुद्रात असायचे; पाच मुलं आणि शेळ्या तिनं एकटीनं सांभाळल्या होत्या. नायिका शेवटी खंगून मरते हे कळल्यावर म्हातारीनं माझ्याकडे बघून काहीतरी विचारलं.

"काय म्हणतात?"

"म्हणते, तिला कोणी नीट जेवायला घातलं नाही का?"

आम्ही तिघी हसत सुटलो, आणि माझ्या ताटात आणखी एक तुकडी पडली.

परत निघालो तेव्हा माझ्या विद्यार्थिनीनं गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. एवढी मोठी गाडी मी कधी चालवली नव्हती, एवढ्या लांबही कधी नेली नव्हती. ती बाजूला बसली, थोडा वेळ डोंगर दाखवत राहिली, आणि मग बोलता बोलता तिला झोप लागली. उजव्या हाताला निळाशार समुद्र होता. मी रेडिओ बंद केला आणि वाटेवरच्या कुरियात गावापर्यंत तिला उठवलं नाही.