खेकड्यांची हार्मोनवाली

मी खेकड्यांवर काम करते, माणसांवर नाही. हे वाक्य आयुष्यात इतक्यांदा बोलले आहे की आता बोलताना जांभई येते. तंजावूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि पापनाशमकडच्या भातशेतांतून आणलेल्या खेकड्यांच्या माद्यांमध्ये एक स्टेरॉइड हार्मोन कधी चढतं, कधी उतरतं, एवढंच बघते. पण आमच्या इथल्या मराठी घरांत कुणीतरी त्यातला ‘हार्मोन’ तेवढा उचलला, आणि झालं! कुणाच्या लेकीला दिवस राहत नाहीत, कुणाच्या सुनेची पाळी चुकते, पाठवा नंडु टीचरकडे. नंडु म्हणजे तमिळमध्ये खेकडा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आधी मी समजावत असे, मग चिडत असे, आता काफी पाजून परत पाठवते.

गेल्या उन्हाळ्यात अक्काचा, माझ्या थोरल्या बहिणीचा, फोन आला.

“सुनेला पाठवत्ये तुझ्याकडे. उद्या चेन्नैला जायचं, मुलासाठी पुन्हा सुया सुरू करायच्या, आणि ही आता नको म्हणून बसली आहे. तू हार्मोनवाली. तुझं ऐकेल.”

“अक्का, मी खेकड्यांवर...”

“सरी, सरी, बरं बरं, ठाऊक आहे,” म्हणून तिने फोन ठेवला.

सून प्रयोगशाळेत आली तेव्हा वीज गेलेली होती. कामाचा माणूस रजेवर, म्हणून खेकड्यांच्या टबांतलं पाणी मीच बदलत होते. साडी खोचलेली, हाताला चिखलाचा वास, कंबर मोडलेली. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तशाच पडल्या होत्या. त्यात ही. खरं सांगते, मनात म्हटलं, देवा, आज नको. तिने स्कूटरची किल्ली मुठीत धरलेली होती आणि बस म्हटलं तरी बसत नव्हती. बराच वेळ टबाकडे बघून म्हणाली, “मावशी, हार्मोन तर या खेकडीलाही असतं ना? काय करतं?”

चेन्नैचा विषय टाळायला मला बरंच झालं. वर्गात सांगते तसं सांगत सुटले. खेकडा वाढायचा म्हणजे जुनं कवच टाकायला हवं, आणि ते टाकायला लावणारं जे हार्मोन, त्याचाच अंडी भरण्यातही हात असतो. किड्यांतही तेच. आपल्याला चावणारी डासाची मादी रक्त प्यायली की तिच्या अंडाशयात हे बनतं, आणि त्याच्या हुकमावर अंड्यांसाठी बलक तयार होतो. पण खेकडीची गोष्ट जरा अवघड. पोटाखाली अंडी धरली असतील तोवर ती कवच टाकत नाही. दोन्ही कामं एकदम अंगाला पेलत नाहीत.

“आणि आत अंडी भरली, पण दिवसच बरे नसले तर?”

“तर जिरवते. बलक परत अंगात घेते.”

“मग तिचं काय होतं?”

“काय व्हायचं? जगते. खाते, कवच टाकते, मोठी होते.”

“तिला कुणी काही म्हणत नाही,” ती म्हणाली आणि एकदम रडायला लागली. मराठीत सुरू केलेलं तमिळमध्ये गेलं. “पोदुम, मावशी. पुरे झालं मला. यांना सांगितलं, हे म्हणतात अम्माला विचार. अम्मांना सांगितलं, त्या म्हणतात एवढी एक खेप. दर वेळी एवढी एकच असते. तुमचं ऐकतील त्या.”

मला मूल नाही हे तिला ठाऊक आहे, सगळ्यांनाच ठाऊक आहे. तरी, की म्हणूनच, ती माझ्याकडे बघत राहिली. मला तिचा रागच आला. मग स्वतःचा आला. ओल्या हातांनीच दार ओढून घेतलं आणि तिच्या स्कूटरवर मागे बसले.

राजवाड्यामागच्या गल्लीत अक्काचं घर. अक्का चेन्नैची बॅग भरत होती. सून आत गेली. मी उभ्या उभ्याच, लोक इतकी वर्षं मला जी बाई समजत आले त्या बाईच्या आवाजात सुरू केलं. म्हटलं, शरीराचं एक गणित असतं, अक्का, हार्मोन बाहेरून कोंबत राहिलं की...

“हे खेकडीचं झालं,” अक्का टॉवेलची घडी करत म्हणाली. “खेकडीला सासर असतं कां? माणसाचं सांग.”

घ्या! जन्मभर मी तेच तर सांगत होते. पाय दुखत होते, बॅग सरकवून मी पलंगावर बसले.

“बरं, माणसाचं सांगते. माझ्या सुयांसाठी आपण मद्रासला जात असू, तू आणि मी. शेवटच्या खेपेला मला जायचं नव्हतं. पण तू रजा काढून सोबत येत होतीस, तुला नाही कशी म्हणू? कुंभकोणम मागे पडल्यापासून मी खिडकीकडे तोंड करून रडत होते. तू लिंबू पुढे केलंस. म्हणालीस, गाडी लागली असेल.”

अक्काच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“मला तसंच वाटलं गो,” ती म्हणाली. “खरंच तसंच वाटलं.”

“ठाऊक आहे मला.”

मग तिने बॅगेतून सुनेची साडी काढली, नवा टॉवेल काढला, आणि आत हाक मारली.

“अगो, बाहेर ये. उद्या नाही जायचं. परवाही नाही. तू इथं मावशीजवळ बस, काफी मी करत्ये.”