त्यांच्या पश्चात कोण कोण

आखाडा बाळापुरात आमच्या गल्लीत दिवस उजाडला की दोन आवाज सुरू होतात. एक माझ्या पिठाच्या गिरणीचा, दुसरा शेजारच्या आबांच्या चपलांचा. गिरणी दळण सरलं की थांबते. आबा थांबत नाहीत.

आबा म्हणजे ज्ञानबा, 'दैनिक हाळी'चे मालक. मुलगा भारत कागदोपत्री संपादक आहे, पण दारातून कुणी "संपादक साहेब" म्हणून हाक मारली की दोघंही वळून बघतात आणि उत्तर आबा देतात. म्हातारा खुर्ची सोडत नाही, असं लोक म्हणतात. मी शेजारीण आहे, मला खरं माहीत आहे. त्या खुर्चीत आबा कधी बसलेलेच नाहीत. ऑफिसातून ओट्यावर, ओट्यावरून माझ्या गिरणीत, गिरणीतून चौकात आणि चौकातून परत. विचारलं तर म्हणतात, बातमी बसल्या जागी येत न्हाई. हल्ली ती फोनवर बसल्या जागीच येते, पण हे त्यांना सांगायची सोय नाही. बीपीच्या गोळ्या चालू आहेत.

मूळचे ते साखऱ्याचे, मेंढरं राखणाऱ्या धनगराच्या घरातले. माळावर या टेकाडावरून त्या टेकाडाला हाळी घालायची सवय, तीच घेऊन बाळापूरच्या बाजारात आले. सायकलला भोंगा बांधून हरवलेली बकरी, नवा सिनेमा, उद्याची सभा असं काय काय पुकारायचे. घसा बसला तेव्हा पेपर काढला. आता सून शिला घरातल्या कॉम्प्युटरवर चार पानं लावते, संध्याकाळी नांदेडला छापायला पाठवते आणि पहाटे गठ्ठे येतात. भारत जाहिराती आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस सांभाळतो. अख्खं घर पेपर काढतं आणि मी तो फुकट वाचून नावं ठेवते.

पहिलं पान कुणी वाचत नाही, ते सगळं आदल्या दिवशी फोनवर वाचून झालेलं असतं. 'हाळी' खपते ती शेवटच्या पानावर. तिथं निधनाच्या बातम्या असतात, आणि त्यातही लोकांचा डोळा एकाच ओळीवर असतो. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, नातवंडे असा परिवार आहे." या ओळीत जो आला तो घरचा. जो राहिला तो का राहिला, याची चर्चा माझ्या गिरणीत दुपारपर्यंत पुरते.

म्हणून आबांचा कायदा आहे. मयताच्या दारात स्वतः जाऊन विचारल्याशिवाय परिवार छापायचा नाही. फोनवर नाही, ऐकीव तर नाहीच. हा कायदा एका माणसानं करायला लावला. फार पूर्वी कुणाच्या तरी बातमीत मधल्या भावाचं नाव राहिलं. तो गडी आपल्या सगळ्या बकऱ्या घेऊन आला आणि ऑफिसच्या दाराला बांधून बसला, नाव छापल्याशिवाय सोडत नाही म्हणाला. बकऱ्यांनी शिल्लक अंक खाऊन टाकले, तरी आबा चूक कबूल करायला तयार होईनात. मग त्यांनी युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी तीच बातमी मधल्या भावाच्या नावासकट नव्यानं छापली, जणू माणूस कालच गेला. त्या बिचाऱ्याला दोनदा मरावं लागलं, पण 'हाळी' चुकली नाही. 'चूकभूल' नावाची चौकट या पेपरात कधी आलेली नाही, हे आबा अजून येईल त्याला ऐकवतात.

यंदा होळीच्या आसपास जिल्ह्यातले एक जुने संपादक वारले आणि दुसऱ्या एका पेपरानं त्यांचं गावच चुकीचं छापलं. आबा तो अंक घेऊन गिरणीत आले. आता हा माणूस उठून सांगणार हाये का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, उठला तर पहिल्या पानाची बातमी होईल. ते हसले नाहीत. सरळ घरात गेले आणि सुनेला म्हणाले, माझी बातमी आत्ताच लावून ठेव, मी तपासून देतो.

शिलानं निम्म्या तालुक्याचं मरण टाईप केलेलं आहे, तिनं पापणीसुद्धा हलवली नाही. मी म्हटलं, माझीपण लाव, वय जरा कमी टाक.

मग रोजचा खेळ सुरू झाला. सकाळी छापील कागद हातात घ्यायचा, ओट्यावर येरझारा घालत वाचायचा, खोडायचं, परत आत. 'वृद्धापकाळाने' काढून टाकलं, वृद्ध कोण म्हणून. 'अल्पशा आजाराने' घातलं, मग आजार कोणता ते लोक विचारतील म्हणून तेही काढलं. साखरा आलं, भोंगा आला, बाजार आला. सगळी बातमी लोण्यासारखी झाली, फक्त शेवटची ओळ कोरी. तिथं आले की आबा कागदाची घडी घालून चौकात जायचे.

कोरी का, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि आबांसमोर कुणीच बोलत नव्हतं. आबांना भारतच्या आधीची एक लेक आहे, अंजली. वसमतला कॉलेजात असताना तिनं कुरुंद्याजवळच्या बंजारा तांड्यावरच्या ओमप्रकाशशी लग्न केलं. आबांकडचे धनगर मेंढरांमागं चाललेले, ओमप्रकाशचे आजे-पणजे बैलांवर माल वाहत चाललेले. पायाला धूळ दोघांच्याही सारखीच, पण तेव्हा पाय कोण बघतं. आबांनी आरडाओरडा केला नाही. पेपरवाला जे करतो ते केलं, तिला छापणं बंद केलं. पुढं कौशल्याबाई गेल्या, आबांची बायको, तेव्हा 'हाळी'त आलं, "त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, सून असा परिवार आहे." गिरणीत त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी चर्चा केली नाही.

एका सकाळी मी दळणाचा डबा द्यायला गेले तेव्हा शिला कॉम्प्युटरपुढं बसलेली होती आणि आबा तिच्यामागं उभे होते. परक्या माणसाला विचारते त्याच आवाजात तिनं विचारलं, "आबा, परिवारात कोण कोण?"

"तुला माहीत न्हाई का?"

"मला माहीत हाये. छापायचं काय ते सांगा."

आबा दारापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, एक मुलगी लिही. शिलाची बोटं चालली आणि थांबली. तिनं विचारलं, जावई लिहू का, आणि तिकडची नातवंडं किती. आबांना ते माहीत नव्हतं. मला माहीत होतं, भारतलाही असणार, लपून फोन असायचे बहीणभावाचे. पण आबांनी हात वर केला. ऐकीव चालत नाही.

दुसऱ्या दिवशी ते गिरणीत आले आणि माझी बहीण कुरुंद्याला दिली आहे ना, असं विचारू लागले. मी म्हटलं, ती आत्ताच येऊन गेली. तर म्हणे, मग तुमीबी जाऊन या, मी सोबत येतो. भारतला कळू द्यायचं नव्हतं आणि एकट्याला जायचं धाडस नव्हतं, एवढंच. मी पट्टा उतरवून गिरणीला कुलूप लावलं. दळणं उद्या झाली असती, हे उद्या झालं नसतं.

जीपमध्ये आबांनी तीनदा जागा बदलली. तांड्यावर पोचलो तर अंजलीचं अंगण हळदीनं भरलेलं. शिजवलेली हळद उन्हात पसरलेली, दारापर्यंत पाय ठेवायला जागा नाही. पलीकडं अंजली डोक्याला फडकं बांधून हळद हलवत होती. केसांत पांढरं आलं होतं तिच्या. तिनं वर पाहिलं आणि हातातलं काम थांबलं.

आबांनी खिशातून पेन काढलं. "मी 'दैनिक हाळी'कडून आलो. परिवारात कोण कोण हाये, विचारून राहिलो."

"कोण गेलं?" तिचा आवाज फाटला. भारत आला असेल तिच्या मनात, दुसरं काय.

"अजून कुणी न्हाई," आबा म्हणाले. "आगाऊ घेऊन ठेवतो."

मी पदर तोंडात कोंबला. अंजली हसली नाही. तिनं हळद बाजूला सारून वाट केली, खुर्ची आणून ठेवली, पाणी दिलं. आणि आबा बसले. मी शेजारीण म्हणून सांगते, ते दृश्य मी पहिल्यांदा पाहिलं.

तिनं सगळं नीट सांगितलं. जावई ओमप्रकाश, शेती. मुलगी दिपा, शिकून झालेली. धाकटा राम. सासू मिराबाई, घरात आहेत, ऐकू कमी येतं. आबांनी नात्याला शोभणार नाही इतक्या सुबक अक्षरात लिहून घेतलं. लिहून झाल्यावर तिनं विचारलं, हे माझ्या नावासकट छापणार का. आबा व्हय म्हणाले.

"मग आईच्या बातमीचं काय?"

आबांची युक्ती तयारच होती. आईची पुण्यतिथी येऊन राहिली, तिच्यात तुझं नाव टाकतो, पहिलंच टाकतो, म्हणाले. मला ती बकरीवाली गोष्ट आठवली आणि मी जमिनीकडं पाहिलं.

"त्या दिवशी मी आले होते, आबा," अंजली म्हणाली. "मागं बायांत उभी होते. दुसऱ्या दिवशी अंक वाचला तवा कळलं की आईला लेकच नव्हती. तुमच्या बातमीत मला घालायचं तर आधी तिची दुरुस्त करा. चुकलं म्हणून लिहा. नसंल जमत तर ही नावं खोडून जा."

आबा उठले. पाणी तसंच ठेवलं. पण नावं खोडली नाहीत, मी बघत होते.

परत येताना सगळ्या वाटेनं ते जीपची काच खाली-वर करत होते. 'हाळी' चुकत न्हाई, असं मधून मधून म्हणायचे, मी विचारलेलं नसताना. शेवटी मी म्हटलं, बराबर आहे, मग आत्ता आपल्याला पाणी देणारी ती बाई कोण होती ते तेवढं छापा. काच वरच राहिली.

ऑफिसात संध्याकाळची घाई चालू होती. भारतला सगळं कळलं तेव्हा तो आधी पांढरा पडला. मग हिशोबी माणसासारखं बोलायला लागला, की भावकीतले फोन करतील, लोक एक चूक कळली की मागच्या सगळ्या उकरतील. आबा ओट्यावरून चौकात, चौकातून ओट्यावर. मी दारात उभी होते, घरी मला काहीच काम नव्हतं असं नाही. शिलानं पहिली दोन पानं पाठवली आणि विचारलं, उरलेली पाठवू का. आबा बाहेरच. पुन्हा विचारलं. नांदेडहून प्रेसवाल्याचा फोन वाजत होता.

चपलांचा आवाज थांबला. आबा आत आले आणि उभ्यानं सांगायला लागले. शिलानं पुढाऱ्याचा वाढदिवस उचलून आत ढकलला आणि त्या जागी चौकट केली.

"चूकभूल. कै. कौशल्याबाई यांच्या निधनाच्या बातमीत त्यांच्या पश्चात 'एक मुलगा' असे 'दैनिक हाळी'ने छापले होते. ते चूक होते. त्यांना मुलगी अंजली व मुलगा भारत अशी दोन अपत्ये आहेत. चूक संपादकाची."

"कोणत्या संपादकाची?" भारतनं विचारलं. त्याचे डोळे भरलेले होते, तरी विचारलं.

"माझी," आबा म्हणाले. "तू कवा संपादक झालास?"

दुसऱ्या दिवशी भावकीचे फोन आले. आबा रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकत होते. ज्याचा वाढदिवस आत गेला तो पुढारीही स्वतः येऊन गेला. पण कुरुंद्याहून काहीच नाही. गठ्ठा पोचला का, म्हणून आबांनी तिथल्या अंकवाल्याला इतक्यांदा विचारलं की त्यानं फोन बंद करून टाकला. मी दळता दळता मोजायचं सोडून दिलं, किती वेळा ते गिरणीत आले आणि गेले.

दुपार उतरल्यावर फोन आला तो शिलाला. अंजलीनं एवढंच सांगितलं की अंक वाचला, सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवला. आणि आबांना सांग, पुढच्या आठवड्यात दिपाला बघायला पाहुणे येऊन राहिलेत, परिवाराचा आकडा अजून पक्का समजू नका.

आबांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, माझी लावून ठेवलेली बातमी काढ, कच्ची हाये. शिला म्हणाली, पाहुण्यांचं काय ठरलं ते फोनवर विचारून घेते.

"फोनवर?" आबा म्हणाले आणि चपला शोधायला लागले. पाहुणे यायला आठवडा होता. तरी थोड्या वेळानं मी गिरणीच्या दारातून पाहिलं, तर ते रस्त्यावर कुरुंद्याकडं जाणाऱ्या प्रत्येक जीपला हात करत उभे होते.