बुजवलेली काजं

“वाऱ्याशी भांडू नये, त्याला वाट द्यावी,” असं माझी वहिनी म्हणायची. शेजारीण दारात उभी राहून तोंडाचा पट्टा सोडून गेली तरी तेच, दूध उतू गेलं तरी तेच. थोरला भाऊ मालगाडी घेऊन आठ-आठ दिवस बाहेर राहायचा आणि घरी आला की उलटा तिच्यावरच डाफरायचा, तेव्हाही तेच. लोकांना वाटायचं, बाई स्वभावाने गरीब आहे. खरं तर ते तिच्या कामातलं वाक्य होतं. वहिनी झेंडे, पताका आणि कापडी फलक शिवायची. गावातली पोरं तिला पताकाबाई म्हणत.

आमचं घर एका खोलीचं. मोठा फलक करायचा असला की खाट भिंतीला उभी टेकवायची आणि जमीन पुसून कोरडी करायची, कारण तेवढं लांब टेबल कुणाच्याच घरात नसतं. कापड अंथरलं की आम्हाला भिंतीकडेने चालावं लागे. अक्षरं ती रंगवत नसे. रंगीत कापडातून कापायची, खळीने जागच्या जागी चिकटवायची आणि मग कडेने टीप मारायची. रंग धुऊन जातो, टीप जात नाही, असं तिचं म्हणणं. कितीदा तरी मी ‘अभिनंदन’मधल्या ‘अ’ला पाय लागू नये म्हणून अंग चोरून झोपलो आहे.

गिऱ्हाईक नाना तऱ्हेचं यायचं. एकाने भाच्याच्या लग्नाचा फलक सांगितला आणि नवरदेवाच्या नावापेक्षा आपलं नाव वीतभर मोठं मागितलं. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, एवढंच असेल तर लग्न मामाचंच लावा, भाचा अजून लहान दिसतोय. तो मामा आधी रागावला, मग हसला आणि शेवटी नाव बारीक करून गेला. शाळांच्या पताका, खेळांच्या संघांची निशाणं, बारशाचे, वाढदिवसाचे, निवृत्तीचे फलक, सगळं तिच्या मशीनखालून जायचं. फलकावर सगळ्यांची नावं असायची. शिवणारीचं कुठेच नसायचं, आणि त्याचं तिला कधी काही वाटलेलं मी पाहिलं नाही.

तिचा पहिला मोठा फलक एका दिवसात वाऱ्याने मधोमध फाटला होता. त्या आठवड्यात ती दोरीवरच्या कपड्यांकडे बघत बसायची. नवी चादर वाऱ्याने चिमट्यांसकट उडून गेली आणि शेजारची भोकं पडलेली जुनी चादर जागची हलली नाही. तेव्हापासून ती प्रत्येक मोठ्या फलकात, अक्षरांच्या मधल्या जागेत, अर्ध्या चंद्रासारखे काप द्यायला लागली. काप उसवू नये म्हणून त्याच्या कडा शर्टाच्या काजासारख्या हाताने गुंफायची आणि त्यांना काजंच म्हणायची. खालून बघणाऱ्याला ती दिसत नसत. वारा आला की काजं ओठांसारखी उघडत, वारा पलीकडे जाई आणि फलक नुसता श्वास घेतल्यासारखा हले.

ही काजं मला तिनेच शिकवली. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि वहिनी नुकतीच लग्न होऊन आली होती. मी डावखुरा. इतरांनी डाव्या हातावर फटके दिले, वहिनीने त्याच हातात सुई दिली. माझा टाका उलट्या बाजूला कलायचा. ती हसून म्हणायची, तुझा टाका गर्दीत हरवला तरी मी हाक मारून बोलावीन.

पुढे मी गावच्या शाळेत शिपाई झालो. अकरा वर्षं घंटा वाजवली. त्या वर्षी शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि त्याच वर्षी लिपिकाची जागा रिकामी होणार होती. जागा कुणाला द्यायची, ते मोठ्या बाईंच्या शब्दावर होतं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. समारंभाचा फलक वहिनीला सांगितला होता. मैदानावरच्या व्यासपीठाच्या मागे दोन उंच लाकडी खांबांना बांधायचा, वीस हात लांबीचा. शिवाय कार्यक्रमात वहिनीचं नाव पुकारून तिला व्यासपीठावर बोलावायचंही ठरलं होतं. हे कळलं त्या दिवशी वहिनीने मशीनला दोनदा तेल घातलं. त्या फलकावर ती तीन महिने बसली.

समारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी मी फलक शिक्षकांच्या खोलीत नेला. मोठ्या बाईंनी तो खिडकीसमोर धरायला लावला, आणि उजेड आला तशी बावीसच्या बावीस काजं लख्ख दिसली. गणिताचे सर म्हणाले, उंदरांनी आपल्याआधीच समारंभ उरकलेला दिसतो. सगळे हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. पाहुण्यांसमोर फाटकं कापड लावायचं का, असं त्यांनी मला विचारलं.

दोन वाक्यांचं काम होतं. ही भोकं नाहीत, वाऱ्याची वाट आहे, एवढंच सांगायचं होतं, आणि त्या खोलीत ते माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो. पण सर अजून हसत होते. त्या हसण्यात मला पताकाबाईचा दीर व्हायचं नव्हतं, लिपिक व्हायचं होतं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, “वहिनींना हल्ली नीट दिसत नाही.”

मोठ्या बाईंचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, वयाला कोण काय करणार, तुम्ही तेवढं शिवून घ्या. मी फलक सामानाच्या खोलीत नेला, दार लावलं आणि एकेक काज बुजवलं. तिने दोन्ही कडा इतक्या नेटक्या गुंफल्या होत्या की सुई सरळ आत जाईना. बोटाने जोर द्यावा लागला. संध्याकाळी घरी गेलो तेव्हा तिने विचारलं, आवडला का? मी म्हणालो, आवडला. तिने माझ्या ताटात एक भाकरी जास्त वाढली.

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून आली आणि मागच्या रांगेत कडेला बसली. नाव पुकारल्यावर कुणाच्या पायावर पाय न देता उठता यावं म्हणून. सकाळभर पान हलत नव्हतं. पाहुण्यांचं भाषण अर्ध्यावर आलं आणि मैदानावरून वारा सुटला. फलक फुगला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तो पोट काढून उभाच राहिला आणि दोन्ही खांब पुढे ओढले जाऊ लागले. मी डाव्या खांबाशी होतो. मी त्याला मिठी मारली, पण वीस हात कापडात भरलेला वारा एका माणसाला ऐकत नाही. उजवा खांब कडाडला आणि फलकासकट व्यासपीठावर आला. पाहुणे वाचले. चित्रकलेच्या बाईंचा हात मनगटात मोडला.

धावपळ झाली, पाणी आणलं, बाईंना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. मग सगळ्यांना आपापला राग आठवला. वहिनी तोवर व्यासपीठावर येऊन उभी होती. मोठ्या बाई तिच्याकडे वळल्या आणि त्या भरल्या मैदानात म्हणाल्या, “दिसत नव्हतं तर काम घ्यायचं नव्हतं. तुमच्या दिरानेच सांगितलं म्हणून मी काल गप्प बसले.”

वहिनीने आधी माझ्याकडे पाहिलं नाही. ती गुडघ्यांवर बसली, पडलेल्या फलकाची कड उचलली आणि पहिल्या काजावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्यावरून. तिसऱ्यापाशी तो थांबला. ते टाके सगळे एकाच बाजूला, उलट्या बाजूला कलले होते. हाक मारायचीही गरज नव्हती. तेव्हा तिने मान वर केली. खांबाला धरून मी उभा होतो, आणि आत्ता ती बोलेल, सगळं सांगेल, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर तिने बोलावं असंच मला वाटत होतं, म्हणजे मला बोलावं लागलं नसतं.

“दिसतं मला, बाई,” ती म्हणाली. “अजून सगळं दिसतं.”

एवढंच. तोंड मला होतं, जीभ होती. बाई, ती काजं होती, ती मी बुजवली, हे शब्द दातांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. पुढे दोन महिन्यांनी मी लिपिक झालो. शाळेच्या पताका त्यानंतर शहरातून छापून येऊ लागल्या, आणि त्यांच्या पावत्या फाइलला मीच लावत असे. वहिनीने त्या दिवसाचा विषय मरेपर्यंत काढला नाही. मला वाढताना तिचा हात कधी आखडला नाही, आणि तो घास गिळणं हीच माझी शिक्षा असेल तर ती मी एकवीस वर्षं भोगली.

पण तो दिवस अजून संपायचा होता. माझ्याकडच्या खांबाला फलकाचं टोक अजून दोरीने बांधलेलं होतं. वहिनीने ती दोरी सोडायची मला खूण केली. मी ती सोडवली. तिने फलकाची घडी घातली, अक्षरं आत येतील अशी, हातावर हात मोजत, घरी घालायची तशीच. दोन्हीकडची टोकं तिने एकटीनेच जुळवली, मला धरू दिली नाहीत. मग ते सगळं ओझं खांद्यावर टाकलं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरली.

वारा अजून होताच. मैदानभर पोरं रांगा मोडून उभी होती, त्यांच्या हातात तिनेच शिवलेल्या छोट्या पताका फडफडत होत्या. कुणी सांगितलं नाही, पण पोरं दोन्ही बाजूंना सरकली आणि मधे वाट झाली. ती त्या वाटेने फाटकाबाहेर गेली, ठेवणीतल्या कपड्यांत, मागे न बघता. मोठ्या बाई तिच्याकडे बघत होत्या, गणिताचे सर बघत होते, आणि रिकामी दोरी हातात धरून मी बघत होतो.