डॉक्टरांना डॉक्टरांकडे धाडणारी भाची

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन भाचीच्या. घडी अर्ध्यावर आली आणि ती थांबली. म्हणाली, "मावशी, मी बहुतेक नापास." चादर तशीच पलंगावर टाकून आम्ही बसलो. ही कालची गोष्ट.

भाची आमच्याकडे राहून फिजिओथेरपी शिकते. तिचा विभाग हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, डॉक्टर वर. ते रोगी खाली पाठवतात, या खालच्या मुली व्यायाम देतात. पण काही धोक्याची लक्षणं दिसली तर हात न लावता रोग्याला परत वर पाठवायचं, हे तिला शिकवलंय. तिने ते इतकं मनावर घेतलं, की खाली शुकशुकाट आणि वर जत्रा. कंबरदुखीच्या माळ्याला रात्री घाम फुटतो म्हणून धाडलं, तर बायको पंखा फुल ठेवते म्हणून तो दोन रजया घेऊन झोपत होता. एका मास्तरांचं वजन घटलं म्हणून धाडलं, तर सुनेने साखरेचा डबा कुलपात ठेवला होता. एकीची पावलं बधिर, तर पायातल्या चपला धाकट्या बहिणीच्या. आमचे हे तिला टपालपेटी म्हणतात. घरात खोकायचीही चोरी झालीय म्हणे, शिक्का मारून धाडेल.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांचा वरून निरोप आला, या मुलीला आवरा. तिला शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं, आणखी एक जरी उगाच वर गेला तर पोस्टिंग, म्हणजे विभागातलं शिकाऊ काम, पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे वर्ष गेलं.

मी देवापुढे बसून सांगितलं, बाबा रे, उद्या साधी गुडघेदुखी पाठव. मला नाही, तिच्याकडे.

आणि आज त्याने कोणाला पाठवावं? खुद्द हाडांच्या डॉक्टरांना.

काल दिवसभर मोटारीत बसून ते परगावाहून आले होते आणि पोटरी धरली होती. पलंगावर पालथे पडून म्हणाले, जरा चोळून दे, वर रोगी खोळंबलेत. भाचीने हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. एकच पोटरी सुजलेली, गरम. टेप लावून पाहिली, दुसरीपेक्षा चांगलीच जाड. अशा वेळी आत रक्ताची गुठळी असू शकते, आणि चोळली तर ती सुटून छातीत जाऊ शकते. मॅडम दारातच उभ्या. भाची म्हणाली,

"सर, तुम्हाला डॉक्टरांकडे जावं लागेल."

"अगं, मग मी कोण आहे?"

"आत्ता रोगी, सर."

मॅडमनी तोंडाला पदर लावला म्हणे. डॉक्टर चालत निघाले, तर ही चाकाची खुर्ची दारात आडवी घालून उभी. अखेर बसले बिचारे, ओळखीचं कोणी बघू नये म्हणून तोंडापुढे वर्तमानपत्र धरून. वर तपासणीत गुठळी निघालीच. लगेच औषध सुरू झालं, धोका टळला आणि मॅडमनी पोस्टिंग पूर्ण झालं म्हणून सांगून टाकलं.

मी गुडघा मागितला, देवाने पोटरी दिली. जरा खाली घसरलं, पण माझी तक्रार नाही.

हे सगळं तिने आत्ताच फोनवर सांगितलं. डॉक्टरांना ठेवून घेतलंय आणि कॉटवरून त्यांचे हुकूम चालू आहेत: मला इथे तू आणून टाकलंस, आता माझी कामंही तूच कर. म्हणून फोन ठेवून ती त्यांच्या मोटारीतून चष्मा आणायला गेली आहे.