मांडीला न चिकटणारं चुंबक

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई द्वारकाबाई, देवळातल्या प्रसादाचासुद्धा आधी वास घेतात आणि मगच तोंडात टाकतात. दूधवाल्यानं पातेल्यात दूध ओतलं की बोट बुडवून बघणार. शहागंजच्या बाजारात पितळेचं भांडं घ्यायचं तर कमरेच्या पिशवीतून जुन्या रेडिओतलं चुंबक काढून भांड्याला लावणार. चिकटलं की आत लोखंड, वरून मुलामा! मग त्या दुकानदाराचं काही खरं नाही. सासरे लवकर गेले. तेव्हापासून पिशोर गावची शेती एकटीनं केली, बाजारात माल विकला, व्यापाऱ्याच्या काट्याखाली हात घालून घालून बघितलं. जन्मात आपल्याला कुणी फसवलं नाही, असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, आणि ते खरंय.

पडल्या त्यासुद्धा संशयापायीच. शेजारच्या धोंडिबानं बांध कोरला असणार म्हणून हद्दीचा दगड बघायला गेल्या आणि ओल्या बांधावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. आमचे हे, ऋतुराज, गाडी घेऊन पळाले आणि आईला शहरात घेऊन आले. आमचं घर छावणीजवळ, दवाखानाही तिथून जवळच. ऑपरेशन झालं. मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक दांडा घातला आणि त्या दांड्यातून वर खुब्याच्या गोळ्यात जाणारा एक जाड तिरपा स्क्रू.

डॉक्टर श्रीधर दुसऱ्याच दिवशी म्हणाले, "आजी, आता उभं राहायचं बरं का."

ते गेल्यावर आत्याबाईंनी मला जवळ बोलावलं. "हाड मोडलेलं माणूस कुणी उभं करतं व्हय? ह्याला खाट रिकामी करायचीय. दुसरं काय नाय."

घरी आणलं. वॉकर आणून खाटेला टेकवून ठेवला, तर त्याच्यावर ह्यांचा टॉवेल वाळायला लागला! पडल्या पडल्या पाय हलवायचे, गुडघा वाकवायचा, ते सगळं करायच्या. पण जमिनीला पाय लावा म्हटलं की डोळे मिटून घ्यायच्या. मी गोडीनं सांगून बघितलं, चिडून बघितलं. ऋतुराज तर हात जोडायचे. छे! ढिम्म.

एकदा दुपारी मी वरणभात घेऊन गेले, तर बाई मांडीवर चुंबक फिरवतायत.

"सोनिया, दार लाव," त्या हळूच म्हणाल्या. "आत काय घातलंच नाय. बघ, चिकटत नाय. वरून चिरलं आन् शिवून टाकलं."

"अहो, एक्स-रे आहे ना! त्यात दिसतोय की अख्खा दांडा."

"त्यो फोटू कुणाचाबी आसंल. त्यात माझं तोंड दिसतंय व्हय?"

मला हसावं की रडावं कळेना. "आत्याबाई, भांड्याला चिकटलं नाही तर खरं म्हणता, आणि मांडीला चिकटलं नाही तर खोटं?"

"भांडं पितळंचं आसतंय. ह्या डाक्टरनं मला स्टीलचा दांडा सांगितलाय."

आता बोला!

टाके काढायला गेलो तेव्हा त्यांनी पिशवीतून चुंबक काढून सरळ डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. माझी मान खाली. डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी खणातून तसलाच एक नवा दांडा काढून आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी चुंबक लावलं. चिकटलं नाही. मग टेबलावरची कात्री ओढली, तिला लावलं. टपकन चिकटलं.

"बघा! माझं चुंबक चांगलंय. तुमचा दांडाच खोटाय."

"आजी, स्टील म्हणायची आमची सवय. हा टायटॅनियम नावाचा धातू आहे. त्याला चुंबक धरत नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी दांड्यातून स्क्रू घालून दाखवला. "हा स्क्रू दांड्यात आवळलेला नाही. मुद्दाम सरकता ठेवलाय. तुम्ही पाय टेकवला की अंगाच्या वजनानं तो जरासा मागं सरकतो, आणि मोडलेल्या हाडाची दोन्ही तोंडं एकमेकांवर दाबली जातात. दाबून राहिली की जुळतात."

आत्याबाईंनी तेवढंच पकडलं. "म्हंजे सैल बसवलाय!"

"सैल नाही हो, सरकता. आणि हा दांडा काही जन्मभर तुम्हाला उचलायला घातलेला नाही. हाड जुळेपर्यंतच त्याचं काम. हाड जुळलंच नाही तर सगळा भार त्याच्यावर येतो. तार वाकवून वाकवून तुटते ना, तसा तोही एक दिवस तुटणार."

"ऐकलंस? तुटणार हाय," आत्याबाई मला म्हणाल्या.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. झोपून राहिल्या तर छातीत कफ भरेल, पाठीला जखमा होतील, आणि मग त्या कधीच उठायच्या नाहीत. माझ्याकडं दुसरं औषध नाही, म्हणाले.

रिक्षात बसल्याबरोबर आत्याबाईंनी विचारलं, "त्यो तुझ्या कानात काय बोलला?"

"उभ्या राहिला नाहीत तर पिशोर विसरा, असं बोलला."

"भेव दावतोय," त्या म्हणाल्या. पण घरी येईपर्यंत चुंबक मुठीत घट्ट धरून होत्या.

त्यानंतर बाई खालावतच गेल्या. आवाज बारीक झाला. खोकला लागला. चुंबक उशाखाली पडून राहिलं. एका सकाळी मी मुद्दाम दुधाचं पातेलं त्यांच्यापुढं धरलं. "बघा बरं, पाणी घातलंय का?"

"आसू दे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुधाचा संशय न घेणारी ही बाई मला नको होती. देवा, मला माझी किरकिरी सासू परत पाहिजे होती.

ऋतुराजच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांना आत्याबाईंच्या दाराआड उभं केलं. "पडायला लागल्या तरच धरा, नाहीतर हात लावायचा नाही," असं बजावलं. वॉकरवरचा टॉवेल काढला. मग समोरच्या स्वयंपाकघरात गेले, मागचं दार धाडकन उघडलं आणि पितळेची मोठी हंडी ओट्यावर आपटली. ती हंडी आत्याबाईंनीच शहागंजातून घेऊन माझ्या लग्नात दिलेली.

"काय हो भंगारवाले, हंडी घेता का?" मी ओरडले. दारात कुणी नव्हतं. "नाही हो, पितळ कसलं! वरून मुलामा आहे. आमच्या सासूबाईंना शहागंजात फसवलं होतं."

आतून खाट करकरली.

"सोनेऽऽ! कोण म्हणतंय फसवलं?"

"एक स्टीलचा डबा द्या आणि घेऊन जा बाबा," मी म्हटलं.

"हात लावू दिऊ नगस त्याला! मी आलेच!"

वॉकर खटकन वाजला. मग पाय घासल्याचा आवाज. पुन्हा वॉकर. मी हंडी छातीशी धरून देवाचं नाव घेत उभी. आणि आत्याबाई दारात आल्या. केस सुटलेले, तोंड लालभडक, मुठीत वॉकरच्या दांडीवर दाबून धरलेलं चुंबक. मागं ऋतुराज दोन्ही हात पसरून, श्वास रोखून.

"कुठंय त्यो?"

त्यांनी मागच्या दारातून बाहेर बघितलं. माझ्याकडं बघितलं. मागं वळून लेकाकडं बघितलं. मग खाली स्वतःच्या पायांकडं. दोन्ही पाय फरशीवर टेकलेले होते.

"फसवलंस मला," त्या म्हणाल्या.

"व्हय, आत्याबाई," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

त्यांनी हंडीला चुंबक लावलं. चिकटलं नाही. ते पिशवीत टाकलं, पदर सारखा केला.

"रडतीस काय? दूध आलं का? आण ते पातेलं हिकडं."

मी पातेलं पुढं धरलं. त्यांनी एक हात वॉकरवर ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट दुधात बुडवलं.

"पाणी घातलंय मेल्यानं," आत्याबाई उभ्या उभ्या म्हणाल्या.